मागच्या सीटवरचा पट्टा: बांधायचा कसा आणि कुठे

गोव्यात फोंड्याहून म्हार्दोळला देवळात दर्शनासाठी निघालेल्या मोटारीत पुढचे दोघे पट्टा बांधतात, कारण न बांधल्यास गाडी वाजत राहते आणि पोलिसांची नजरही आधी पुढच्याच सीटवर जाते. मागे बसलेली आजी, सून आणि सुनेच्या मांडीवरचे मूल मात्र मोकळेच असतात. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ वा नियम, समोर तोंड करून असलेल्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा करतो आणि तो न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर पट्ट्याविना बसले होते.

म्हणून सुरुवात मागूनच करावी. आपल्याकडे नवी गाडी घरी आली की सीटकव्हर चढते आणि मागच्या पट्ट्यांची बकले त्याखाली गाडली जातात. ती आजच वर काढावीत आणि गरज पडल्यास कव्हरला नीट भोक पाडून घ्यावे. प्रत्येक पट्टा पूर्ण बाहेर ओढून उसवलेले धागे, चिरा व पीळ तपासावेत. नंतर झटका देऊन ओढावा, तो अडकला पाहिजे. पावसाळ्यात पट्ट्यावर बुरशी धरली असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवावा. ब्लीच वापरू नये, कारण त्याने धागे कमजोर होतात.

बांधताना आधी पाठ टेकून सरळ बसावे. खालचा पट्टा पोटावर न ठेवता कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांच्या खाली, मांड्यांच्या वरच्या टोकाशी चपटा बसवावा. वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि छातीच्या मधोमध जावा, गळ्याला घासू नये आणि काखेखालून तर मुळीच घेऊ नये. बकलचा टक् असा आवाज आल्यावर वरचा पट्टा एकदा वर ओढून कमरेवरचा ढिलेपणा काढावा. एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे पुष्कळांना वाटते. धडकेचा जोर कमरेचे हाड, बरगड्या आणि खांद्याचे हाड सोसू शकतात, पोटातले आतडे, यकृत व प्लीहा सोसू शकत नाहीत, हे त्याचे उत्तर आहे. याच कारणाने सीट मागे पाडून झोपणे धोक्याचे आहे: धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते आणि कमरेवरचा पट्टा पोटात रुततो. चोर्ला घाटातून रात्री येताना तर हा मोह कटाक्षाने टाळावा.

गरोदर स्त्रीनेही पट्टा बांधावाच. खालचा भाग पोटाच्या फुगवट्याखाली आणि वरचा स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने न्यावा.

मांडीवरच्या मुलाबद्दल मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकेत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर दहा किलोचे मूल आईच्या हातांना सुमारे दोनशे किलोंच्या जोराने पुढे खेचते. इतके कोणतेही हात पेलू शकत नाहीत, माया कितीही असो. मूल आणि आई मिळून एकच पट्टा बांधला, तर आईचे वजन मुलावर येते. तान्ह्या मुलासाठी मागे तोंड करणारी बालसीट मागच्या सीटवर बसवावी. चालू एअरबॅगसमोर ती कधीही ठेवू नये, कारण फुगणारी पिशवी सीटवर आदळते. थोडे मोठे झाल्यावर समोर तोंडाची बालसीट आणि पुढे, मोठ्यांचा पट्टा खांद्यावर नीट बसेपर्यंत, बूस्टर म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक वापरावी.

एअरबॅग पट्ट्याला पर्याय नाही, जोड आहे. मोकळा माणूस धडकेत पुढे फेकला जातो आणि फुगत्या पिशवीवर आदळतो. चालकाने छाती आणि स्टिअरिंग यांच्यात २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. गाडीचा गजर बंद पाडण्यासाठी बकलमध्ये घालायच्या चकत्या मिळत होत्या. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना त्या हटवण्याचा आदेश दिला. आपल्या गाडीत अशी चकती असेल तर ती काढून टाकावी.

सामानही मोकळे नसावे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजारातून आणलेले नारळ आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे, साहित्य मागच्या काचेपाशी न ठेवता डिकीत ठेवावे, कारण धडकेत तो नारळ थेट डोक्यावर येतो.

एवढे करूनही अपघात झालाच तर १०८ वर फोन करावा. आग किंवा पाण्याचा धोका नसल्यास जखमीला ओढून बाहेर काढू नये. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ क संरक्षण देते. आपण चालते-बोलते असलो तरी पोटावर किंवा छातीवर पट्ट्याचा वळ उमटला असेल तर तो डॉक्टरांना अवश्य दाखवावा, कारण आतला रक्तस्राव काही तासांनीही जाणवू लागतो. मोठ्या धडकेत ताणले गेलेले पट्टे गाडी दुरुस्त होताना बदलून घ्यावेत. बाहेरून धड दिसले, तरी त्यांचे धागे ताणलेले असतात.