कोल्हापुरात घर बघायचं तर जुलैत बघा

वर्धा-यवतमाळकडच्या कुणाची इकडे बदली झाली की चौथ्या दिवशी मला फोन येतो. १८ ऑगस्ट २०२५ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, तेव्हापासून ओळखीच्या ओळखीतले वकील आणि त्यांचे कारकूनही विचारू लागलेत. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते. मी वर्ध्याची. नवरा शिरोलीला फौंड्रीत. मार्च २०१९ला आलो, म्हणजे सात पावसाळे काढलेत. इथं वर्षं नाही, पावसाळेच मोजायचे.

गॅस, शाळा, आधारचा पत्ता हे सगळं होतं हो, त्याची काळजी करू नका. राज्यातल्या राज्यात असल्यामुळे गाडीचा नंबरही बदलावा लागत नाही. आमची एमएच ३२ अजून तशीच फिरते. काळजी करायची ती एकाच गोष्टीची. घर.

मार्चमधलं कोल्हापूर नव्या माणसाला फसवतं. पंचगंगा नदी घाटाच्या खाली कुठंतरी गपचूप वाहत असते आणि जयंती नाला म्हणजे नाकाला रुमाल लावून ओलांडायची एक घाण, एवढंच दिसतं. शाहूपुरीच्या बाजूला, नाल्यापासून दोन गल्ल्या आत, आम्हाला तळमजला मिळाला. पुढं तुळस, मागं मोरी, भाडं कमी. ते कमी का, हे आम्ही विचारलं नाही. मालक म्हणाले, "हितं पाणी येत न्हाई वैनी. आलं तर रस्त्यापत्तोर." त्यातला 'आलं तर' मी ऐकलाच नाही. अनामत साठ हजार, रोख. पावती मागायला आम्हाला संकोच वाटला. माणूस इतका गोड बोलत होता!

त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी आलं ते दारातून नाही. आधी झुरळं आली. रात्री अकराला मोरीच्या जाळीतून शेकड्यानं वर येऊन भिंतीला चिकटली. मी फवारा मारत बसले! मग मोरीतून गढूळ पाणी बुडबुडायला लागलं. कारण नंतर समजलं. नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात उतरत नाही, उलट नदीचंच पाणी नाल्यातून मागं सरकतं. ह्याला इथं फुगवटा म्हणतात. म्हणून 'नदीपासून लांब आहे' ह्या शब्दांना काही अर्थ नाही. नाल्यापासून किती लांब, ते विचारा. पहाटेपर्यंत कमरेला पाणी. शेजारच्या तालमीच्या पोरांनी आम्हाला काढलं, मुलीला एकानं खांद्यावर घेतलं. नाव विचारायचं राहून गेलं. फ्रिज, पलंग, लग्नातले फोटो सगळं गेलं. वाचला फक्त कूलर, कारण तो माळ्यावर टाकला होता. विदर्भातून येणाऱ्यांनी कूलर आणू नये, ही सूचना ह्यातच आली असं समजा.

महामार्ग शिरोलीजवळ बंद, पेट्रोल मोजून, गावभर पाणी पण नळाला नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. टँकरपुढं मी आणि एक डॉक्टरीणबाई एकाच रांगेत कळशी घेऊन उभ्या. आणि अनामत? मालकानं भिंती खराब झाल्याचा हिशेब दाखवला. जणू काही पूर आम्ही आणला होता. कागद नव्हता, पावती नव्हती. साठ हजार गेले. तेव्हा पुन्हा सांगते: भाडेकरार नोंदणीकृतच करा, अनामत बँकेतून द्या, आणि पुरामुळं घर सोडावं लागलं तर ती किती दिवसांत परत मिळणार हे करारात लिहून घ्या. मालक ओळखीचा असला तरी. ओळखीचा असेल तर जरूरच.

घर बघायचं कसं? मालकाला विचारू नका, एजंटाला तर नाहीच. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला किंवा गिरणीत दळण घेऊन बसलेल्या आजीला विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलतं?" २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर इथल्या माणसाला पायरीसकट पाठ असतात. 'पाचला ह्या उंबऱ्याला लागलंतं, एकोणीसला त्या खिडकीला, एकवीसला परत तिथंच' असं बोटानं दाखवतील. भिंतीला कमरेपर्यंतच नवा रंग असेल तर मागं फिरा. विजेचा मीटर डोक्याच्याही वर बसवलेला दिसला तर तो हौसेनं बसवलेला नसतो. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते नकाशावर दाखवणाऱ्या पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. विकत घेणाऱ्यानं त्या बघितल्याशिवाय विसार देऊ नये. आणि शक्य असेल तर जुलैत या, भर पावसात छत्री घेऊन गल्लीतून चाला. मार्चमध्ये दिसत नाही ते सगळं दिसतं.

एक आकडा तोंडपाठ करा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ला आणि जुलै २०२१ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पावसाळ्यात इथं 'कसे आहात'च्या आधी 'बंधारा किती?' विचारतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमी पाच मिनिटांत मोबाईलवर येते. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. ३९ झाले की आमच्या घरी कागदपत्रांची पिशवी दाराशी येते. आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, तरी येते.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत, पण सांगते. पत्ता विचारताना पाटीवरचं नाव घेऊन उपयोग नाही. पाटी म्हणते ताराराणी चौक, गाव म्हणतं कावळा नाका. देवीला महालक्ष्मी म्हणालात तरी रिक्षावाला मंदिरापाशीच सोडेल, पण गावची ती अंबाबाई आहे. 'महालक्ष्मी' म्हणणारा पाहुणा, हे त्याला तेवढ्यात कळतं. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्रात महाद्वार रोडला गाडी घालू नका.

'जेवायला या' म्हटलं की मटण असतं. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा, पानावर बसून नको, बाई हिरमुसते. पांढरा रस्सा वाटीनं पितात आणि वाटी रिकामी दिसली की न विचारता भरतात. थांबवायचं तर वाटीवर हात ठेवा. बाहेर 'कोल्हापुरी' नावानं जे लाल जळजळीत मिळतं ते इथं कुणी खात नाही. आमचं सावजी ह्यांच्या तांबड्यापेक्षा तिखट आहे हे मी आजही सांगते आणि आजही कुणी मानत नाही. दुकानात 'चटणी' मागितलीत तर शेंगदाण्याची नाही, कांदा-लसणाचा मसाला मिळेल. तो मे महिन्यात वर्षाचा करून ठेवतात. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. शेजारणीसोबत कांडपाला जा. सात वर्षांत माझ्या जेवढ्या ओळखी झाल्या, त्यातल्या निम्म्या तिथं शिंकता शिंकता झाल्या.

आपल्याकडच्या लोकांबद्दल एक बोलते, राग आला तरी चालेल. दर रविवारी एकमेकांच्याच घरी जमून 'इथले लोक तापट' म्हणत बसायचं आणि शेजाऱ्याचं आडनाव माहीत नाही, असे संसार मी बघितलेत. पुण्याचे लोक वेगळे. ते प्रत्येक दुकानात 'आमच्याकडे' म्हणतात. इथली माणसं तापट आहेतच. ह्यांनी आंदोलन करून शहरातला टोल घालवला. २०१९च्या शेवटी मटणाचा दर वाढला तर त्यासाठीही आंदोलन केलं. मला हसू आलं होतं. दर उतरल्यावर मीही रांगेत उभी होते. मात्र गणपतीतला आवाज मला अजून सहन होत नाही. विसर्जनाला दुसरा दिवस उजाडतो, छातीत धडधडतं, आणि तक्रार केलीत तर तुम्ही गावाबाहेरचे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. कापूस घाला.

फुटबॉलबद्दल नवऱ्याचा अनुभव. तालमी कुस्तीसाठी, एवढंच त्याला ठाऊक. पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ह्या तालमींची नावं शाहू स्टेडियमवर फुटबॉल संघांची आहेत. केस कापायला बसला असताना ह्यानं सहज म्हटलं, "परवा तो गोल ऑफसाइड होता ना?" वस्तरा मानेवर थांबला. पेठ कुठली, समोरचा कुठल्या संघाचा, हे कळेपर्यंत गोलाबद्दल मत देऊ नका.

भाषेचं मात्र आपोआप होतं. इथल्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. सुरुवातीला मी मुलीला टोकायचे, मग सोडून दिलं. गेल्या मे महिन्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसनं एकटीच माहेरी गेले. दुपारी इथून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी वर्ध्याला लागली. फलाटावरूनच फोन केला, "आई, पोचलो." आई गडबडली. "अगं, कोणाकोणाला घेऊन आलीस? मी तर एकटीपुरताच भात लावला आहे."