सालदार ठेवून मळा सांभाळताय? या चुका टाळा

मालक पुण्यात नाहीतर नाशकात नोकरीला. इकडे जळगावच्या यावल-रावेर पट्ट्यात वडिलोपार्जित तीन-चार एकर केळी किंवा लिंबू, मळ्यात एक खोली आणि त्या खोलीत सालदार म्हणून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, सातपुड्यातून आलेलं पावरा किंवा बारेला आदिवासी कुटुंब. अशा मळ्यांची देखरेख हेच माझं काम. मालकाचा फोन येतो तो पानं करपली, घड सटकले म्हणून. जाऊन पाहावं तर दुखणं आधी खोलीत सुरू झालेलं असतं, झाडावर ते नंतर दिसतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बाईचं काम फुकट धरणं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल (वर्षाची मजुरी) ठरतं ते पुरुषाचं. पण पिलं (केळीच्या बुडाला फुटणारे कोंब) कापणं, निंदणी, वाळली पानं काढणं कोण करतं? निम्म्याहून जास्त तीच. "राहायला खोली दिलीय ना, लाईटही फुकट" हे उत्तर ऐकून मी थकलोय.

तापीकाठच्या एका केळीच्या बागेत हेच झालं. मीठमिरचीला पैसे पुरेनात म्हणून दिवाळीनंतर बाई शेजारच्या कापसात रोजानं वेचणीला जाऊ लागली. इकडे पिलं माजली. मालकाला ती व्हिडिओ कॉलवर दिसली, त्याने रागात सालदाराचा महिना अडकवला. पुढे पोराला ताप आला तेव्हा उचल मागितली, तर "आधीची फिटू दे" हे उत्तर. चैत्रात एका पहाटे भांडीकुंडी उचलून कुटुंब निघून गेलं. पारा ४४ वर आणि बाग नेमकी निसवणीत, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळेत. मला कळेपर्यंत आठवडा गेला होता. ठिबकचा फिल्टर गाळाने चोंदलेला, नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या, पानं तव्यावर भाजल्यासारखी, अर्ध्या ओळींतले घड सटकून खाली. मालक अजूनही "उचल बुडवून पळाला" एवढंच सांगतो. त्या बाईला वर्षभर रोज दिला असता तरी एवढं नुकसान झालं नसतं.

आणि उचल फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवायची भाषा तर करूच नका. १९७६ च्या कायद्याने असं अडकवणं वेठबिगारी ठरतं, गुन्हा आहे.

मी साल ठरवताना नवरा-बायको दोघांना समोर बसवतो. तिचा रोज वेगळा ठरतो आणि तिच्याच खात्यात जातो. वह्या दोन, एक त्यांच्याकडे. उचल दिली की त्याच दिवशी दोन्हींत लिहायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची. दहा मिनिटांचं काम आहे, पण नवख्या मालकांना तेवढाही धीर नसतो. त्यांना सगळं फोनवर उरकायचं असतं.

दुसरी चूक पाहिली की माझा संताप होतो. औषधं राहत्या खोलीत. चुलीच्या वरच्या फळीवर लाल त्रिकोणाची बाटली, शेजारी तेलाची, खाली पाण्याचा हंडा. एका मळ्यात तणनाशक थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं पाहिलं, आणि तिथेच तीन वर्षांचं पोर खेळत होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-मजूर दगावले, तरीही पत्र्याची एक पेटी घ्यायला मालकांचा हात आखडतो. पेटी मोटरच्या खोलीत ठेवा, कुलूप लावा. रिकामे डबे भोकं पाडून बाद करा, नाहीतर त्यांत पाणी भरलं जाणारच. बाटलीसोबतचं माहितीपत्रक फेकू नका. १०८ ला फोन केल्यावर ते माणसासोबत दवाखान्यात गेलं पाहिजे, उपचार काय करायचा ते त्यावर छापलेलं असतं.

भोंगऱ्या (होळीआधीचा आदिवासींचा बाजार-सण) आणि होळीला कुटुंब गावी जाणारच. अडवू नका. मी संक्रांतीलाच बदली पाणी देणारा ठरवून ठेवतो.

भाजीला वाफा जरूर द्या, पण केळीत नको. काकडी, भोपळा, मिरची, वांगी केळीजवळ लावली की मावा त्यांच्यावरून हरण्या हा विषाणूचा रोग केळीत आणतो.

फोनवरून मोटर चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर बसवला की माणूस लागत नाही, हा शहरातल्या मालकांचा लाडका समज. फुटलेली नळी मोबाईलला दिसत नाही. रात्रपाळीची लाईट असली की कोणीतरी ओळीतून फिरतंच, आणि घोणस बांधावरच असते. त्या माणसाला चांगली बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट द्या. अनवाणी पाठवू नका.

रेशनकडे तर कोणी बघतच नाही. कार्ड त्यांच्या गावचं असलं तरी आधारशी जोडलेलं असेल तर अंगठा लावून इथल्या दुकानात धान्य मिळतं. पहिल्या महिन्यात कोणीतरी सोबत जा. दुकानदाराने एकदा परत पाठवलं की ही माणसं पुन्हा दुकानाची पायरी चढत नाहीत, मग दादर ज्वारी विकत घेण्यात सालाचे पैसे जातात आणि उचल वाढत राहते.