व्यक्तिचित्रकाराने आल्प्समधलं गाव रंगवताना

व्यक्तिचित्रं करणारा हात निसर्गचित्राकडे वळला की पहिली चूक ठरलेली असते. समोर मॅटरहॉर्न दिसतो आणि तो पोर्ट्रेटमधल्या डोक्यासारखा थेट कॅनव्हासच्या मधोमध येऊन बसतो. ४४७८ मीटरचं हे शिखर इतकं देखणं आहे की पायाशी असलेलं गाव नुसत्या सजावटीपुरतं उरतं. त्याच्या पायाशी असलेलं स्वित्झर्लंडमधलं झेरमाट गाव रंगवायचं असेल तर समोर बसवायला एखादं कोठार निवडा आणि शिखराला मागच्या पडद्याचं काम द्या.

गावातल्या हिंटरडॉर्फ या जुन्या वस्तीत लार्च या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची काळपट कोठारं आहेत. ती आखूड पायांवर उभी असतात आणि पाय व कोठार यांच्यामध्ये गोल दगडी चकत्या असतात, उंदीर वर चढू नयेत म्हणून. त्या चकत्यांखालची सावली म्हणजे या कोठाराच्या हनुवटीखालची सावली. ती नीट पडली तर कोठार जमिनीवरून उचललेलं दिसतं. फिकी पडली तर चिखलात रुतल्यासारखं.

३० × ४० सेंमीचा पॅनल पुरे. आदल्या दिवशी त्यावर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन वाळवून ठेवा, म्हणजे पांढऱ्या पृष्ठभागामुळे टोन, म्हणजे रंगांचा उजळ-गडदपणा, फसवत नाहीत. कामाला दोन तास धरा, जास्त नाही. सकाळी ऊन आधी शिखरावर येतं, गाव बराच वेळ सावलीतच असतं. गावावर ऊन उतरेपर्यंत शिखराचा गुलाबी रंग गेलेला असतो. लोभाने दोन्ही उजेड एकाच चित्रात घेतले की चित्र खोटं पडतं. पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने छोटं टिपण करा, त्यात सावल्यांच्या जागा पक्क्या करा आणि नंतर ऊन कितीही सरकलं तरी त्या हलवू नका.

लाकडासाठी बर्न्ट सिएना दोन भाग, अल्ट्रामरीन एक भाग. उन्हातल्या बाजूला त्यात यलो ऑकर आणि नखाएवढा पांढरा. सावलीत निळ्याचं प्रमाण वाढवा, पांढरा अजिबात नको. त्वचा रंगवणाऱ्यांना प्रत्येक मिश्रणात पांढरा मिसळायची खोड असते. त्याने लार्च राखेसारखा दिसतो. वळचणीखाली मात्र डोळे किलकिले करून बघा. उन्हातल्या जमिनीचा उजेड तिथे खालून परततो आणि सावली तांबूस होते. गळ्याखाली कपड्याचा रंग परतलेला तुम्ही शेकडो वेळा रंगवला असेल, तेच हे.

बर्फाचं गणित वेगळं. उन्हातला बर्फ मागच्या आकाशापेक्षा उजळ असतो, म्हणून आकाश आधी लावा आणि वाटतं त्यापेक्षा एक पायरी गडद ठेवा. बर्फाची सावली अल्ट्रामरीन, पांढरा आणि कणभर अलिझरिन क्रिमझन (गडद लाल) यांची. निव्वळ पांढरा शेवटी, दोन-तीन ठिकाणीच.

सह्याद्रीच्या दमट हवेत तयार झालेली नजर लांबचे डोंगर फार लवकर फिके करते. इथली हवा कोरडी आणि विरळ. मैलोन्‌मैल दूरचा कडाही धारदार दिसतो. त्याच्या कडा पोर्ट्रेटच्या पार्श्वभूमीसारख्या पुसून टाकल्या की मॅटरहॉर्न ढगासारखा दिसेल. कडा राहू द्या. उजेड-सावलीतला फरक कमी करा आणि रंग पातळ लावा. जाड रंग कोठारासाठी राखा.

जॉन सिंगर सार्जंट हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा सर्वांत मागणी असलेला व्यक्तिचित्रकार. त्याने १९०७ मध्ये पोर्ट्रेटची कामं घेणं जवळजवळ बंद केलं आणि १९०९ ते १९११ चे उन्हाळे झेरमाट ज्यात येतं त्याच व्हॅले कॅन्टनमधल्या (स्विस प्रांतातल्या) सिम्प्लॉन खिंडीत घालवले. तिथल्या चित्रांत डोंगर बऱ्याचदा वरून कापलेला असतो, शिखरं दिसतच नाहीत.

पॅनलवर ऊन पडू देऊ नका. उन्हात रंग उजळ वाटतात, हात आपोआप गडद रंगाकडे जातो आणि खोलीत आणल्यावर चित्र काळं निघतं. छत्री पांढरी किंवा करडी घ्या. रंगीत छत्री सगळ्या मिश्रणांवर आपला रंग चढवते. गॉगल काढून काम करा. दरीतला वारा दुपारकडे वाढतो, तेव्हा इझलला दगड भरलेली पिशवी टांगा. टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही, तिथे पोचल्यावरच घ्या. गावात पेट्रोलच्या खाजगी गाड्यांना बंदी आहे, पण मुख्य रस्त्यावर विजेच्या टॅक्स्या आवाज न करता मागे येऊन उभ्या राहतात; इझल भिंतीला धरून लावा.

खिडक्या अगदी शेवटी. त्यांना डोळ्यांसारखी चौकट आखत बसू नका. चपट्या ब्रशचा एक गडद ठिपका आणि खालच्या कडेला चौकटीवरच्या उजेडाची बारीक रेघ, बस्स.