"आपल्यात" आणि "त्यांच्यात": लहान मुलांशी वेगळ्या घरांबद्दल कसं बोलायचं

मुलगी साडेचार वर्षांची असताना जेवता जेवता म्हणाली, "आई, आपल्यात अंडं खातात ना, त्यांच्यात नाही खात." हे शब्द ती शाळेतून नव्हती शिकली, आमच्याच घरात शिकली होती. आपण दिवसभर "आपल्यात असं करतात", "त्यांच्यात तसं असतं" म्हणत असतो आणि मूल त्यातून काय उचलतं तर आपण इकडचे, ते तिकडचे. म्हणून पहिलं काम हे करा, "त्यांच्यात" हा शब्द सोडा आणि त्या मैत्रिणीचं नाव घ्या. "तिच्या घरी अंडं करत नाहीत", बास. सवय लागायला वेळ लागतो, आजी-आजोबांना तर जास्तच, पण लागते.

सुरुवात लांबून नको, आपल्याच घरातून करा. माझ्या माहेरी खड्याच्या गौरी असतात, सासरी मुखवट्यांच्या, साड्या नेसवून उभ्या केलेल्या, आणि कोकणात तर कितीतरी घरी गौरीला मटणाचा नैवेद्य असतो. दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवून काय सारखं काय वेगळं ते मुलांनाच शोधू द्या. "मग खरी गौर कुठली?" हा प्रश्न येणारच, त्यावर "दोन्ही" एवढं सांगितलं तरी पुरतं. आपल्याच दोन आज्यांच्या घरी इतकं वेगळं असतं हे एकदा दिसलं की शेजारचा शीरखुर्मा किंवा नाताळचे कुलकुल परके वाटत नाहीत.

डब्याचा एकच नियम ठेवा, "ई" म्हणायचं नाही, "मला नको" म्हणायचं. तिच्या डब्याला वास येतो असं सांगत आलं तर गप्प करू नका, हो सुकटीला वास असतो, आपल्या लसणाच्या चटणीलाही असतो असं सांगा. आणि नाक आधी आपण मुरडायचं नाही, मुलं आपला चेहरा बघत असतात.

वाचायला लागलेल्या मुलांसाठी दहाची नोट काढा. मागच्या बाजूच्या पट्टीत १५ भाषांमध्ये "दहा रुपये" लिहिलंय, त्यातल्या मराठी, कोकणी, नेपाळी आणि संस्कृत या चार ओळी देवनागरीत आहेत, म्हणजे आपलं मूल त्या वाचू शकतं. बाकीच्यांपैकी सोसायटीत कोणाची भाषा आहे ते शोधायला लावा आणि त्या काकूंकडून वाचून घ्या, माझ्या मुलीने खालच्या मजल्यावरच्या आजींकडून तेलुगू ओळ पाठ केली आणि दोघींची गट्टी जमली ती अजून आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलांना हेही सांगा की मराठी बोलणारे सगळे एकाच धर्माचे नसतात. रायगडमधल्या बेने इस्रायली ज्यूंना गावात "शनवार तेली" म्हणायचे कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, त्यांची आडनावंसुद्धा किहीमकर, पेणकर अशी गावावरून पडलेली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. अशी उदाहरणं गोष्टीसारखी सांगा, मुलांच्या लक्षात राहतात.

आता घरातल्या माणसांबद्दल, इथे आपणच जास्त गडबडतो. लिफ्टमध्ये मूल मोठ्याने विचारतं, "हिचे बाबा कुठेत?" आणि आपण हात दाबतो, म्हणजे त्याला कळतं की यात काहीतरी लाजायचं आहे. त्यापेक्षा तिथेच सांगा, "तिच्या घरी ती, आई आणि आजी राहतात." तेवढंच. घटस्फोट झाला की बाबा वारले ती त्या मुलीची गोष्ट, ती तिला हवी तेव्हा सांगेल. दत्तक मुलाबद्दल बोलताना "खरी आई" हा शब्द अजिबात नको, जी वाढवते ती आईच, आणि जिने जन्म दिला तिला जन्म देणारी आई म्हणा. भातुकलीत पण बदल करून बघा, कधी बाबा एकटेच पोळ्या लाटतायत, कधी नातवंडं आजोबांकडेच राहतात, मुलांना ते लगेच जमतं.

आणि एक कळकळीची विनंती, मुलांच्या नव्या मित्राला पहिलाच प्रश्न "आडनाव काय?" विचारू नका. तो प्रश्न आपण का विचारतो हे आपल्याला माहीत असतं, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही कळायला लागतं. त्याला काय खेळायला आवडतं ते विचारा की.

शाळेतून फॅमिली ट्री काढायला सांगितलं आणि त्यात फक्त आई-बाबांचेच दोन चौकोन असले तर टीचरशी बोला, आमच्या टीचरनी लगेच ऐकलं. त्याऐवजी एक घर काढायचं आणि त्यात रात्री जे जे झोपतात ते सगळे काढायचे, आजी, मामा, मांजर, सगळे. कोणाची दोन घरं असतील तर त्याला दोन कागद द्यायचे.