धक्क्यावर सुरू, सेल्फवर नाही: इंजिन बदलल्यानंतरचं इग्निशन

जुन्या ९७० सीसी मारुती जिप्सीत १२९८ सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन टाकायची हौस अजून जिवंत आहे, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात इंजिनं मिळतायत तोवर राहणारच. माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर उरकलं, आरटीओत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाचे कागदही केले, पेट्रोल येतंय, असं धरतो. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही.

आधी दोन गोष्टी. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची जाड पट्टी इंजिन उतरवताना काढतात, आणि ती गॅरेजच्या कोपऱ्यात राहून जाते. सेल्फ मारताना क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबल गरम लागली तर करंट तिथून वाट काढतोय. दुसरं, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ सगळ्यांना पाठ असते, पण एक नंबरचा पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. प्लगच्या भोकावर अंगठा धरा. आतून दाब आला तरच तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, आणि डिस्ट्रिब्युटरमधला, प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा रोटर तेव्हा एक नंबरच्या वायरीकडे हवा. उलटा बसला तर कार्बोरेटरमधून भडका येतो. तोंड लांब ठेवा.

आता मला ज्याने रडवलं ते. चावी ऑन, इग्निशन कॉइलच्या (बॅटरीच्या बारा व्होल्टवरून स्पार्कचा दाब बनवते ती) प्लसवर मीटर लावला, बारा व्होल्ट. सेल्फ मारला, स्पार्क नाही. कॉइल बदलली, तरी नाही. धक्का मारला की मात्र गाडी लगेच सुरू! मग जो तो सांगू लागला, धक्क्यावर चालते म्हणजे इग्निशन उत्तम, बॅटरी गेली. नवी बॅटरी आली. सेल्फ जोरात फिरू लागला, स्पार्क तिथेच.

गोम इग्निशन स्विचमध्ये असते. चावी स्टार्टला नेली की रेडिओ, ब्लोअर असल्या लाइनी स्विच स्वतःच तोडतो, बॅटरीचा जोर सेल्फला मिळावा म्हणून. नवं वायरिंग जोडताना कॉइल अशाच एखाद्या लाइनीवर गेली की ऑनला बारा व्होल्ट आणि स्टार्टला शून्य. धक्का मारताना चावी ऑनवरच असते, म्हणून तेव्हा स्पार्क पडतो. म्हणजे धक्क्यावर सुरू होणं हाच पुरावा असतो, आणि आपण त्यावरूनच इग्निशनला निर्दोष सोडतो. आणखी एक खूण: सेल्फ मारताना काही नाही, पण चावी सोडताच, इंजिन गरगरत थांबता थांबता एकदा ‘भक्’ करतं.

म्हणून तपासायचं ते सेल्फ फिरत असताना. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चावीवर दुसरा माणूस, आणि तुम्ही कॉइलच्या प्लसवर टेस्ट लॅम्प धरून. लॅम्प जरा मंद झाला तर हरकत नाही, विझला तर चोर सापडला. मी मीटरपेक्षा लॅम्पच धरतो. एका तंतूवर लोंबकळणारी वायरही मीटरला बारा दाखवते, लोड पडला की बसते.

खात्रीसाठी बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज घातलेली वायर थेट कॉइलला द्या. इंजिन पकडलं तर कॉइल, डिस्ट्रिब्युटर दोघंही सुटले. ही वायर तशीच ठेवून गाडी देणारे मेस्त्री मी पाहिलेत आणि त्यांच्याकडे मी पुन्हा जात नाही. चावीने इंजिन बंद होत नाही, आणि बंद पडलं तर कॉइल तापत राहते. स्टार्टलाही जिवंत राहणारी लाइन शोधून कॉइल तिच्यावर घ्या, रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) टाका. तासाभराचं काम आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

नेमकं उलटं होत असेल, म्हणजे सेल्फवर पकडतं आणि चावी सोडताच मरतं, तर बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉइलच्या लाइनीत करंट कमी करणारा रोध, बघा. सेल्फ मारताना कॉइलला त्याला वळसा घालून थेट पुरवठा मिळतो. चालू गाडीत त्याच्यातूनच. तो तुटला की हे होतं. कॉइल बदलताना प्रायमरीचा, म्हणजे प्लस-मायनसमधला, रेझिस्टन्सही मोजा: साधारण दीड ओहमची कॉइल रेझिस्टरसोबत वापरायची, तीन ओहमची त्याच्याशिवाय. दुकानदार म्हणेल, सगळ्या सारख्याच. नसतात.

इतकं करूनही स्पार्क नसेल तर कॉइलच्या मायनसवरची आरपीएम मीटरची वायर काढून पाहा. ती कुठे बॉडीला घासली असली तर स्पार्क तीच बंद पाडते.