शाळेत शिकवायला जाताय? आधी मूल कुठे अडलंय ते बघा

एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजनेतून) जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या यंदाच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. कराडजवळच्या एका शाळेत मी दोन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटचा तास घेतला.

पहिल्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. वर्ग चौथीचा, म्हणून मी थेट चौथीचं पुस्तक उघडलं. एक मुलगी धडा घडाघडा वाचायची. महिन्याभराने लक्षात आलं, तिची नजर खिडकीबाहेर असायची तरी वाचन चालूच. धडा पाठ होता. मधल्याच 'भाकर' शब्दावर बोट ठेवलं, तर ती 'माकर' म्हणाली आणि गप्प झाली. तो महिना तिचा फुकट गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिले दोन दिवस शिकवू नका, ऐका. एकेकाला व्हरांड्यात शेजारी बसवा. आधी अक्षरं, मग साधे शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग छोटी गोष्ट. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' पाहणीत 2005 पासून मुलांचं वाचन याच पायऱ्यांवर तपासतात. मूल जिथे अडखळेल, तिथून सुरुवात. पाचवीतला मुलगा शब्दांवर अडला असेल तर शब्दच घ्या, पण त्याला चारचौघांत 'तुला एवढंही येत नाही?' असं कधीही म्हणू नका.

गणितात उत्तर चुकलं की लगेच फुली मारू नका. 'कसं केलंस, सांग' म्हणा. 52 वजा 27 चं उत्तर कितीतरी मुलं 35 लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढतात. मी खराट्याच्या काड्या नेल्या. दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या. 'आता सात दे.' पोरगा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि एका जुडीचं रबर त्याने स्वतःच काढलं. हातचा समजायला त्याला तेवढंच हवं होतं. वहीतली आकडेमोड त्यानंतर.

गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्यांची मुलं येतात. कोपीवरून, म्हणजे त्यांच्या झोपडीतून, आईबाप पहाटेच उसाच्या फडात गेलेले असतात, त्यामुळे काहीजणी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात येतात. त्याला बसू द्या, एक पाटी द्या. नाहीतर ती ताईही उद्या येणार नाही.

मुख्याध्यापकांना कॉलेजचं पत्र आधी द्या आणि वार वर्गशिक्षकांना विचारूनच ठरवा. एनएसएसचे वर्षाचे 120 तास भरतातच, त्यांचा हिशेब मुलांसमोर काढू नका. आपली परीक्षा आली की आपण न सांगता गायब होतो, मुलं मात्र दाराकडे बघत राहतात. शेवटची तारीख पहिल्याच दिवशी सांगा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

एक वही करा, प्रत्येक मुलाला एक पान. काय येतं, कुठे अडतं, एवढंच लिहायचं. माझी वही गुरुजींच्या कपाटात आहे. तिसरं पान त्या 'भाकर'वाल्या मुलीचं. ती आता सहावीत आहे, गोष्टी वाचते. पण 'सूर्य' आणि 'चक्र' यांतला र अजून तिला नीट धरता येत नाही. तिथून सुरू करा.