जुना ट्रॅक्टर विकत घेण्यापूर्वी त्याची तपासणी कशी करावी

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर पारखताना पहिला प्रश्न हा असावा की त्याचे कोणते भाग बदलता येतील आणि कोणते नाहीत. टायर, बॅटरी, वायरिंग, क्लच प्लेट, पिस्टन रिंगा यांना खर्च येतो, पण ते बदलता येतात. ओतीव लोखंडाचे मोठे भाग तडकले असतील, तर मात्र व्यवहार तिथेच थांबवणे बहुधा शहाणपणाचे ठरते. अनेक जुन्या ट्रॅक्टरना मोटारीसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन ब्लॉक, गिअरबॉक्स आणि मागच्या अॅक्सलचे हाऊसिंग एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि सगळा भार तेच पेलतात. 1917 साली उत्पादनात आलेल्या फोर्डसनमुळे रूढ झालेली ही रचना पुढे फर्ग्युसन टीई-20 सारख्या ट्रॅक्टरांतही दिसते.

म्हणून तपासणीची सुरुवात इंजिन बंद असताना, हातात टॉर्च आणि चिंधी घेऊन करावी. ब्लॉकच्या बाजूने, विशेषतः आतून पाणी खेळते त्या भागावरून बोट फिरवत जावे. कडाक्याच्या थंडीत आतले पाणी गोठले की ते प्रसरण पावते आणि ब्लॉकला आडवी चीर पाडते. अशी चीर पुढे वेल्डिंग करून किंवा लांबी (पुट्टी) भरून वरून रंगवलेली असते. रंगाखाली उंचवटा लागला, गंजाची बारीक रेष पाझरलेली दिसली किंवा एवढाच पट्टा इतर ओतकामापेक्षा गुळगुळीत वाटला, तर तिथला रंग खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. ताज्या रंगाने ट्रॅक्टर देखणा होतो, पण असा रंग तपासणाऱ्याचे काम वाढवतो. धूळ-ग्रीस बसलेला, न रंगवलेला ट्रॅक्टर मला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण त्याची गळती जिथल्या तिथे दिसते.

त्यानंतर डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढावी. ऑइल काळे असणे हा दोष नाही. ते दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचे असेल, तर त्यात पाणी मिसळलेले आहे आणि हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधला सीलचा थर), लायनरचे (सिलिंडरच्या आतल्या नळीचे) सील किंवा खुद्द ब्लॉक संशयास्पद ठरतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा असेल, तर विक्रेत्याच्या संमतीने सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन प्लग किंचित सैल करून पाहावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि पहिल्या थेंबांतच बाहेर येते. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे ऑइलही असेच पाहावे. उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरी बुटातून पावसाचे पाणी आत उतरते आणि बेअरिंगा गंजवते.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरावा आणि आपण पोहोचताच ब्लॉकला हात लावून तो खरोखर थंड आहे ना, याची खात्री करावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातली अडचण लपवते. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येणे साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे. काळा धूर जास्त इंधनाची किंवा कमी हवेची. पंधरा-वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून ब्रीदरकडे, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीकडे पाहावे. तिथून दाबाने धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनर झिजलेले आहेत. ऑइलचा दाब थंड असताना नव्हे, तर इंजिन पुरते तापून संथ चालत असताना पाहावा.

चालवून पाहताना प्रत्येक गिअरमध्ये ओढ द्यावी आणि मग अचानक अॅक्सिलरेटर कमी करावा. झिजलेला गिअर याच क्षणी निसटतो. क्लच बदलायचा तर बहुधा ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो, त्यामुळे प्लेटपेक्षा मजुरी जड जाते. ब्रेक दोन्ही बाजूंनी वेगवेगळे तपासावेत, कारण अॅक्सलचे सील गेले की ऑइल ब्रेकमध्ये उतरते. पुढचा भाग जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवले की किंग पिन (चाक ज्यावर वळते ती), मधली पिन (पुढचा अॅक्सल ज्यावर झुलतो ती) आणि चाकाच्या बेअरिंगा यांची ढिलाई लगेच कळते.

हायड्रॉलिक लिफ्ट वजन लावूनच तपासावी. टीई-20 मध्ये लिफ्टचा पंप पीटीओच्या (जोडलेल्या अवजारांना इंजिनची शक्ती पुरवणाऱ्या) शाफ्टवर चालतो, म्हणून पीटीओचा लिव्हर गुंतवलेला नसेल किंवा क्लच दाबलेला असेल, तर उत्तम लिफ्टही वर जात नाही. याच रचनेमुळे आणखी एक धोका संभवतो: क्लच दाबल्यावर फिरत्या गवत कापणीयंत्राचा जोर पीटीओतून उलटा येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. म्हणून शाफ्टवर एकाच दिशेने जोर पोहोचवणारे कपलिंग आणि संरक्षक आवरण आहे का, ते आवर्जून पाहावे. उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट अशा ट्रॅक्टरांना मुळात नसतेच. प्रत्यक्ष काम करायचे असेल, तर ती योग्य सीट बेल्टसह बसवता येईल का, हे सौद्यापूर्वीच विचारून घ्यावे.

टायरवरच्या भेगा दिसतात, पण रिम आतून गंजते. वजनासाठी टायरमध्ये क्षाराचे पाणी भरले असेल, तर व्हॉल्व्हच्या आसपासचे लोखंड नीट पाहावे.

पैसे देण्याआधी इंजिन व चेसिसचे क्रमांक कागदपत्रांशी ताडून घ्यावेत आणि त्या क्रमांकावरून निश्चित झालेल्या मॉडेलचे सुटे भाग, विशेषतः इंधन पंपाचे आणि गिअरबॉक्सचे, आजही मिळतात का, याची चौकशी भागविक्रेत्याकडे स्वतः करावी.